रोमच्या दगडांवरील अंक

रोम नगरीस जाणारा भाविक बहुधा संत पेत्र व संत पौल यांच्या समाधींच्या दर्शनाच्या ओढीने जातो, आणि ते योग्यच आहे. परंतु त्या नगरीत आणखी एक गोष्ट पावलोपावली डोळ्यांपुढे येते व तिच्याकडे फारसे कोणी थांबून पाहत नाही. ती म्हणजे दगडांत कोरलेले अंक. देवळांच्या दर्शनी भिंती, पडक्या कमानी, मैलाचे दगड, थडग्यांच्या शिळा, जेथे पाहावे तेथे हे अंक आहेत. आमच्या रोममधील मुक्कामात आम्ही दोन दिवस मुद्दाम बाजूला काढले आणि हे अंक वाचीत हिंडलो. त्या हिंडण्यात जे पाहिले व जे उमगले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

हे अंक आपणांस परके नाहीत. आपल्या गावच्या देवळात दोन्ही भिंतींवर क्रुसाच्या वाटेची चौदा स्थाने असतात, त्यांवर बहुधा हेच अंक लिहिलेले असतात. मनोऱ्यावरील घड्याळात ते असतात, पोपमहोदयांच्या नावापुढे ते असतात. शाळेतील मुलांना त्यांची सात अक्षरे पाठ असतात: आय म्हणजे १, व्ही म्हणजे ५, एक्स म्हणजे १०, एल म्हणजे ५०, सी म्हणजे १००, डी म्हणजे ५०० आणि एम म्हणजे १०००. परंतु चलाख मूल एवढ्यावर समाधान मानीत नाही. ते विचारते, या अक्षरांनी रोमन लोक बेरीज-वजाबाकी करीत तरी कशी? एवढे मोठे साम्राज्य, एवढे कर, एवढी सैन्ये, आणि हातात शून्यदेखील नाही! प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर आम्हांस रोमनेच दिले.

प्रथम वाचनाचा धडा घेऊ. तो संत पेत्र यांच्या महामंदिरासमोर उभे राहून घेण्याइतके सुंदर स्थळ दुसरे नाही. दर्शनी भिंतीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत मोठ्या अक्षरांची एक ओळ आहे. तीत पोप पौल पाचवे यांचे नाव असून पुढे वर्ष दिले आहे: एम-डी-सी-एक्स-आय-आय. हजार, पाचशे, शंभर, दहा, एक आणि एक. बेरीज केली की १६१२. त्यापुढे त्यांच्या कारकीर्दीचे वर्ष सातवे, व्ही-आय-आय. चौकात मधोमध इजिप्तमधून आणलेला अखंड दगडी स्तंभ उभा आहे. तो पोप सिक्स्टस पाचवे यांनी तेथे आणून उभा केला, ते वर्ष त्याच्या पायथ्याशी कोरले आहे: एम-डी-एल-एक्स-एक्स-एक्स-व्ही-आय. वाचकहो, आपणच बेरीज करून पाहा. हजार, पाचशे, पन्नास, तीस, पाच व एक मिळून १५८६ होतात.

येथे आपल्या आणि त्यांच्या पद्धतीतील मुख्य भेद हाती येतो. आपण १६१२ लिहितो तेव्हा त्यात १ हा अंक दोनदा येतो. पहिला १ म्हणजे हजार, दुसरा १ म्हणजे दहा. अंक तोच, पण जागा बदलली की त्याची किंमत बदलते. रोमन अक्षराचे तसे नाही. एक्स कोठेही बसो, तो दहाच. एखाद्या प्रामाणिक नाण्याप्रमाणे तो आपली किंमत आपल्याबरोबर घेऊन हिंडतो. म्हणून रोमन अंक वाचणे म्हणजे थैलीतील नाणी मोजणे होय.

या नियमाला एक अपवाद मुलांना शिकवितात. लहान अक्षर मोठ्याच्या आधी आले तर ते वजा करावयाचे. आय-व्ही म्हणजे ४, आय-एक्स म्हणजे ९, एक्स-एल म्हणजे ४०. हे मुलांना विचित्र वाटते, परंतु मराठी माणसाने त्यात नवल मानू नये. आपण १९ ला दहा आणि नऊ असे म्हणत नाही, ‘एकोणीस’ म्हणतो, म्हणजे एकाने उणे वीस. एकोणतीस, एकोणचाळीस ही त्याच कुळातील. पाऊण, पावणेदोन हेही वजाबाकीचेच शब्द. रोमन लोकही लॅटिन भाषेत १९ ला ‘वीसातून एक’ म्हणत, आणि १८ ला ‘वीसातून दोन’ म्हणत. तेव्हा बाजारात भाव सांगताना आपण जे तोंडाने करतो तेच त्यांनी दगडावर लिहिले, इतकेच.

पण हा नियम त्या काळी आपल्या पाठ्यपुस्तकाइतका कडक नव्हता, हे पाहावयाचे तर कोलोसियमला जावे. सम्राट व्हेस्पासियन याने सन ७२ च्या सुमारास आरंभिलेले हे प्रचंड क्रीडागृह त्याचा पुत्र टायटस याने सन ८० मध्ये खुले केले. त्याला ८० दारे होती. पैकी ७६ दारांवर क्रमांक कोरले होते, चार मुख्य दारांवर नव्हते. बाहेरची भिंत जेथे अद्याप उभी आहे तेथे २३ पासून ५४ पर्यंतचे क्रमांक आजही कमानींच्या माथ्यावर दिसतात. आम्ही मान वर करून एकेक वाचीत चाललो. चव्वेचाळिसाव्या दाराशी थांबलो. तेथे एक्स-एल-आय-आय-आय-आय असे कोरले आहे. म्हणजे चाळीस लिहिताना वजाबाकीचा नियम पाळला, आणि चार लिहिताना सरळ चार उभ्या रेघा मारल्या! शेवटच्या चोपन्नाव्या दारावरही एल आणि पुढे चार रेघा. आपल्या देवळाच्या घड्याळात चाराच्या जागी चार रेघा दिसल्या तर कारागीर चुकला असे कोणी समजू नये. त्याच्यामागे कोलोसियमच्या पाथरवटाचा दाखला आहे. याउलट सन ९ मध्ये जर्मनीच्या अरण्यात नाश पावलेल्या अठराव्या पलटणीतील एका अधिकाऱ्याची स्मारकशिला बॉन येथे आहे. तीवर १८ हा अंक एक्स-आय-आय-एक्स असा आहे. ‘वीसातून दोन’ हा बोलण्यातला प्रकार तेथे जसाच्या तसा दगडावर उतरला आहे.

या दारांवरून आत जाणारे लोक बहुतेक सामान्य होते. त्यांना विद्वत्ता नको होती, आपले दार सापडले म्हणजे झाले. उभी रेघ कोणालाही मोजता येते. या अंकांचा उगमच मुळी काठीवर पाडलेल्या खाचांत असावा, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. मेंढपाळाने एकेका मेंढीमागे एक खाच पाडावी, पाचवी व दहावी खाच वेगळ्या आकाराची करावी, म्हणजे पुन्हा मोजताना आरंभापासून मोजावे लागत नाही. खळ्यावर भाताची पोती मोजताना आपला शेतकरी चार उभ्या रेघांवर पाचवी तिरपी मारतो, त्याची युक्ती काही निराळी नाही. ज्या कोलोसियममध्ये एके काळी माणसांच्या मरणाचा खेळ होत असे, तेथे पोप पौल सहावे यांनी १९६४ साली गुड फ्रायडेच्या रात्रीची क्रुसाची वाट पुन्हा रुजविली. दारांच्या क्रमांकांखाली उभे राहिले असता आपल्या गावच्या भिंतीवरील चौदा क्रमांक आठवल्यावाचून राहत नाहीत.

कोलोसियमहून फोरमच्या भग्नावशेषांतून चालत कॅपिटोल टेकडीवर जाता येते. तेथील कठड्यावर अप्पिया मार्गाचा पहिला मैलाचा दगड ठेवला आहे. त्यावर माथ्याशी एकच उभी रेघ आहे: आय, म्हणजे पहिला मैल. लॅटिनमध्ये हजाराला ‘मिल्ले’ म्हणतात. सैनिकाची दुहेरी पावले हजार झाली की एक मैल होई. आपण आजही मैल हा शब्द वापरतो, त्यात ते हजार दडलेले आहेत.

टेकडीवरील संग्रहालयात मात्र या पद्धतीची दुबळी बाजू दिसते. इसवी सनापूर्वी २६० साली ड्युलियस नावाच्या रोमन सेनापतीने कार्थेजच्या आरमाराचा पराभव केला. त्याच्या विजयस्तंभावरील लेखाची पुढे साम्राज्यकाळात केलेली प्रत तेथे आहे. लुटीत मिळालेल्या द्रव्याचा आकडा तीत द्यावयाचा होता. लाखासाठी रोमन लोक मधोमध एक उभी रेघ काढून दोन्ही बाजूंस तीन-तीन कमानी काढीत. लाखाहून मोठे चिन्ह तेव्हा रूढ नव्हते. मग कोरणाऱ्याने काय करावे? त्याने तेच चिन्ह एकापुढे एक वीसाहून अधिक वेळा कोरले. पुढे अक्षराच्या डोक्यावर आडवी रेघ दिली म्हणजे ते हजारपट झाले असे समजण्याची युक्ती निघाली. आपण एका शून्याने जे साधतो त्यासाठी त्या बिचाऱ्याला किती घाव घालावे लागले असतील!

आता मुलाच्या मूळ प्रश्नाकडे वळू. हिशेब कसा करीत? बेरीज तर आपल्याहून सोपी आहे. एका शेतकऱ्याची २७ पोती व दुसऱ्याची ३८ पोती एकत्र करावयाची आहेत असे धरा. पहिली संख्या एक्स-एक्स-व्ही-आय-आय. दुसरी एक्स-एक्स-एक्स-व्ही-आय-आय-आय. दोन्हींतील अक्षरे एका ढिगात ओता. पाच एक्स, दोन व्ही, पाच आय झाले. पाच आयचा एक व्ही करा, दोन व्हींचा एक एक्स करा, पाच एक्सांचा एक एल करा. उरले एल-एक्स-व्ही, म्हणजे ६५. पाढे नकोत, हातचा नको, केवळ मोड देणे-घेणे पुरे.

वजाबाकीत उलट करावयाचे. ६५ मधून २७ काढावयाचे असतील तर व्ही मोडून पाच आय करा व दोन काढा, तीन उरले. एक्स मोडून दोन व्ही करा व एक काढा, एक उरला. एल मोडून पाच एक्स करा व दोन काढा, तीन उरले. उत्तर एक्स-एक्स-एक्स-व्ही-आय-आय-आय, म्हणजे ३८. गुणाकारही होतो. १२ गुणिले १५ करताना पहिल्यातील प्रत्येक अक्षराने दुसऱ्यातील प्रत्येक अक्षराला गुणावे. एक्सने गुणले की सी आणि एल मिळतात. दोन आयनी गुणले की दोन एक्स आणि दोन व्ही मिळतात. दोन व्हींचा एक एक्स केला की सी-एल-एक्स-एक्स-एक्स, म्हणजे १८०. मोठ्या संख्यांचा गुणाकार मात्र असा करू गेल्यास पान भरून जाते, आणि भागाकार तर डोकेदुखीच.

परंतु रोमन व्यापारी असे लिहून हिशेब करीतच नव्हता. रोमच्या राष्ट्रीय संग्रहालयात हाताच्या तळव्यावर मावेल एवढी एक पितळेसारख्या धातूची पाटी आहे. तीत उभ्या खाचा पाडल्या असून त्यांतून लहान मणी वरखाली सरकतात. एकं, दहं, शतं, सहस्र अशी प्रत्येकासाठी एक खाच. खालच्या लांब खाचेत चार मणी, प्रत्येकाची किंमत एक. वरच्या आखूड खाचेत एकच मणी, त्याची किंमत पाच. आता या पाटीवर २७ मांडा. दहंच्या खाचेत खालचे दोन मणी सरकवा. एकंच्या खाचेत वरचा पाचाचा एक आणि खालचे दोन. दोन दहा, एक पाच, दोन एक. म्हणजेच एक्स-एक्स-व्ही-आय-आय! लिहिलेला रोमन अंक म्हणजे पाटीवरील मण्यांचे चित्रच होय. आणि एखाद्या खाचेत काहीच सरकविले नाही तर लिहावयाचेही काही नाही. त्यांना शून्यावाचून अडले नाही ते यामुळे.

ज्यांच्याजवळ अशी पाटी नसे ते फळीवर रेघा आखून खडे मांडीत. लहान खड्याला लॅटिनमध्ये ‘कॅल्क्युलस’ म्हणतात. गणना करणे या अर्थी युरोपातील अनेक भाषांत जो शब्द आहे तो याच खड्यापासून निघाला. त्याच पाटीवर एका बाजूस अपूर्णांकांच्या खाचा आहेत. रोमन लोक एका नगाचे बारा भाग करीत व एका भागास ‘उन्सिया’ म्हणत. औंस आणि इंच हे दोन्ही शब्द त्यातूनच आले. रुपयाचे सोळा आणे मोडीत ज्यांचे बालपण गेले त्या आपल्या वडीलधाऱ्यांना ही रीत चटकन कळेल.

तेव्हा मुलाच्या प्रश्नाचे उत्तर असे की, रोमन लोकांनी दोन कामे दोन निराळ्या साधनांना वाटून दिली होती. हिशेब खड्यांनी करावयाचा, आणि झालेला हिशेब अक्षरांनी नोंदवावयाचा. खडे पुसले जात, अक्षरे राहत.

ती अक्षरे कशासाठी राहिली हे अप्पिया मार्गावरील भूमिगत दफनगृहांत उतरल्यावर विशेष जाणवते. संत कॅलिस्टस यांच्या नावाच्या दफनगृहात आम्ही वाटाड्यामागून खाली उतरलो. मऊ खडकात कोरलेले अरुंद बोळ, दोन्ही बाजूंस भिंतीत एकावर एक थडगी. श्रीमंताच्या थडग्यावर संगमरवरी शिळा, गरिबाच्या थडग्यावर नुसत्या चुन्यात ओढलेली अक्षरे. पहिल्या शतकांतील ख्रिस्ती कुटुंबांनी तेथे आपली माणसे ठेवली. नावाच्या पुढे वय लिहिण्याची रीत होती, आणि ते वय केवळ वर्षांत नसे. इतकी वर्षे, इतके महिने, इतके दिवस. रोममधील काही लेखांत तर तासही मोजलेले आहेत. लहान मुलांच्या थडग्यांवर ही मोजदाद विशेष बारीक असते. तिचा कोणत्याही सरकारी कामास उपयोग नव्हता. आईबापांनी मूल आपल्याजवळ किती दिवस होते ते मोजून ठेवले, एवढाच तिचा अर्थ. तेथील एकेक उभी रेघ म्हणजे एकेक दिवस.

याउलट अनेक प्रौढांच्या थडग्यांवर वयापूर्वी दोन लॅटिन शब्द येतात. त्यांचा अर्थ ‘कमी-अधिक’ असा आहे. कमी-अधिक पन्नास वर्षे जगला. जन्मदिवस कोणास ठाऊक नव्हता. आपल्या खेड्यांतील जुन्या माणसांना वय विचारले की ‘असेल साठ-पासष्ट’ म्हणतात, तशीच ही माणसे. त्यांच्या आप्तांनी खोटा नेमका आकडा कोरला नाही, कमी-अधिक असे खरे तेच कोरले, हे आम्हांस फार आवडले.

कालगणनेशी रोमचा आणखीही एक संबंध आहे. सन ५२५ मध्ये डायोनिसियस नावाचा एक संन्यासी रोममध्ये ईस्टरच्या तारखांचे कोष्टक तयार करीत होता. प्रभू येशूच्या जन्मापासून वर्षे मोजण्याची पद्धत त्याने सुरू केली, आणि आज सारे जग तीच वापरते. त्याच्या कोष्टकात एका रकान्यात जेथे काहीच उरत नव्हते तेथे त्याने ‘काही नाही’ अशा अर्थाचा लॅटिन शब्द लिहिला. लिहावयास चिन्हच नव्हते. म्हणून आपल्या सनाला शून्य वर्ष नाही. ख्रिस्तपूर्व पहिल्या वर्षानंतर एकदम इसवी सनाचे पहिले वर्ष येते.

हे चिन्ह ज्या देशातून आले त्या देशाशी रोमचा धागा जुळतो तो संत योहान लॅटेरन या महामंदिरात. ‘जगातील सर्व देवळांची माता’ म्हणून ते ओळखले जाते. आमच्या दुसऱ्या दिवसाचा शेवट तेथे झाला. आत एका खांबावर पोप सिल्वेस्टर दुसरे यांची स्मारकशिला आहे. त्यांचे मूळ नाव गेर्बेर. फ्रान्समधील एका मठात वाढलेला हा हुशार तरुण सन ९६७ च्या सुमारास स्पेनच्या सीमेवरील कॅटलोनिया प्रांतात शिकावयास गेला. अरबांनी आपलेसे केलेले भारतीय अंक त्या काळी स्पेनमध्ये पोहोचले होते. पुढे रँस येथे शिकविताना गेर्बेरने सत्तावीस रकान्यांची एक हिशेबाची फळी करविली आणि शिंगाच्या हजार सोंगट्या बनविल्या. त्या सोंगट्यांवर नऊ चिन्हे होती. रकान्यात सात खडे मांडण्याऐवजी सातचे चिन्ह असलेली एकच सोंगटी ठेवली की काम भागे. सन ९९९ मध्ये तो पोप झाला व १००३ मध्ये निवर्तला. त्याची विद्या लोकांना इतकी अद्भुत वाटली की मागाहून त्याच्यावर जादूगार असल्याच्या दंतकथा रचल्या गेल्या.

गेर्बेरच्या फळीवर शून्य नव्हते, कारण रकाने आखलेले होते व रिकामा रकाना रिकामाच दिसत असे. रकान्याच्या रेघा पुसून नुसते अंक कागदावर लिहू लागले तेव्हा रिकाम्या जागेसाठी चिन्हाची गरज पडली. १२०२ साली पिसा येथील लिओनार्दोने आपल्या ग्रंथात भारतीयांची नऊ चिन्हे व शून्य यांची रीत इटलीतील व्यापाऱ्यांना विस्ताराने समजावून दिली. तरीही लोक सहजासहजी तयार झाले नाहीत. फ्लोरेन्सच्या सराफांच्या संघाने १२९९ मध्ये वहीत नवे अंक लिहिण्यास मनाई केली, रक्कम अक्षरांत लिहावी असा नियम केला. पण सोय शेवटी जिंकली. वह्यांतून रोमन अंक गेले, आणि जेथे हिशेब करावयाचा नसून स्मरण ठेवावयाचे असते तेथे, म्हणजे दगडावर, घड्याळावर, पोपांच्या नावापुढे व क्रुसाच्या वाटेवर, ते राहिले.

लॅटेरनच्या त्या शिळेसमोर उभे असताना आम्हांस ग्वाल्हेरची आठवण झाली. आमच्या वाचकांपैकी जी कुटुंबे ग्वाल्हेरला आहेत त्यांच्या घराजवळच ही वस्तू आहे. किल्ल्यावर जाणाऱ्या चढावाच्या वाटेवर खडकात कोरलेले चतुर्भुज मंदिर लागते. तेथे सन ८७६ चा शिलालेख आहे. देवाच्या बागेसाठी २७० हात लांब व १८७ हात रुंद जमीन दिली, आणि रोज ५० माळा द्याव्या, असा त्यातील मजकूर. २७० व ५० या दोन्ही अंकांत लहान वर्तुळाकार शून्य स्पष्ट कोरलेले आहे. भारतात दगडावर आढळणाऱ्या अतिप्राचीन शून्यांपैकी ते एक होय. गेर्बेर कॅटलोनियात शिकावयास गेला त्याच्या सुमारे नव्वद वर्षे आधीचे!

रोमला जाणे सर्वांस घडतेच असे नाही. परंतु ग्वाल्हेरला राहणाऱ्यांनी किंवा तेथे पाहुणे म्हणून गेलेल्यांनी एखाद्या रविवारी मिस्सानंतर मुलांना घेऊन तो चढ चढावा आणि ते शून्य त्यांना दाखवावे. मग पाटी हाती देऊन २७० हाच आकडा रोमन अक्षरांत लिहावयास सांगावे. सी-सी-एल-एक्स-एक्स अशी पाच अक्षरे होतील. त्यांत शून्य कोठे गेले, याचे उत्तर मुलांनाच द्यावयास लावावे.